तुम्ही विचारलंत म्हणून : मिस ब्रुक्सचा पगार

"बाई, कानात घालून सारखं काय ऐकत असता?" जिन्यात भेटणारी शेजारीण विचारते, जुने विद्यार्थी विचारतात, परवा इस्त्रीवाल्यानंही विचारलं. मी खरं तेच सांगते. अमेरिकेतली रेडिओमालिका आहे, १९४८ सालची, इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंची. मग समोरच्याचा चेहरा दहावीच्या पोराला पॅसिव्ह व्हॉइस विचारल्यासारखा होतो आणि खरा प्रश्न येतो : "आपल्याकडे काय कमी आहे, म्हणून ते?"

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पगारासाठी.

मालिकेचं नाव 'अवर मिस ब्रुक्स'. मॅडिसन हायस्कूल नावाच्या काल्पनिक शाळेत कॉनी ब्रुक्स इंग्रजी शिकवते. लग्न झालेलं नाही. मिसेस डेव्हिस नावाच्या विसराळू म्हाताऱ्या घरमालकिणीकडे खोली घेऊन राहते. स्वतःची गाडी बहुतेक वेळा गॅरेजात, म्हणून वॉल्टर डेंटन या विद्यार्थ्याच्या खटाऱ्यात बसून शाळेत जाते. मुख्याध्यापक कॉन्कलिन आधी कुजबुजल्यासारखं बोलतात आणि मग छप्पर उडेल असं ओरडतात. शेजारच्या वर्गात जीवशास्त्राचे बॉयन्टन सर. ते तिला आवडतात, पण सरांचं लक्ष त्यांनी पाळलेल्या बेडकात. आणि या सगळ्यांत मिस ब्रुक्सचा हात कायम तंग.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्यानं पेनड्राइव्ह भरून दिला. म्हणाला, "मावशी, तू पण इंग्रजीचीच बाई, बघ आवडतं का." मी मटार सोलता सोलता पहिला भाग लावला आणि निम्मे दाणे सालांच्या ढिगात गेले.

त्याचं कारण असं. नोकरीची पहिली चार वर्षं मी एका विनाअनुदानित शाळेत काढली. सही पूर्ण आकड्यावर, हातात त्याच्या निम्मे, तेही मिळतील तेव्हा. संस्थेचं नाव आता कशाला घ्यायचं? स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर पोट धरून हसायचो, पण आवाज खाली ठेवून, कारण दाराबाहेर शिपाई असायचा आणि त्याचे कान ऑफिसात असायचे. "हो सर" मोठ्यानं म्हणायचं आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग टाचणवहीत तोंड खुपसून. तो अर्धा भाग स्टाफरूमच्या बाहेर मी पहिल्यांदा ऐकला तो मिस ब्रुक्स झालेल्या ईव्ह आर्डन या नटीच्या आवाजात.

तिची हातोटी नीट ऐकण्यासारखी आहे. विनोदी नट्या तेव्हा बहुधा आवाज चढवून हसवत, किंचाळून, बोबडं बोलून, नाहीतर बावळटपणा करून. ही उलटं करते. समोरचा काहीतरी बिनडोक बोलतो, ही क्षणभर थांबते आणि मग आवाज न चढवता, हजेरी घेतल्यासारख्या सपाट सुरात उत्तर देते. तो क्षण फार महत्त्वाचा. स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू कधीकधी त्या शांततेतच सुरू होतं, तिनं तोंड उघडण्याआधी. मी तीसेक वर्षं वर्ग सांभाळले. गप्प राहून चाळीस मुलांना गप्प करता येतं हे मला ठाऊक होतं. हसवताही येतं हे तिच्याकडून कळलं.

हा आवाज रेडिओला सापडेपर्यंत ती चाळिशीला आली होती. जन्म १९०८ चा, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मिल व्हॅलीतला, नाव युनिस क्वेडेन्स. आई बायकांच्या हॅट बनवून विकायची. सोळाव्या वर्षी पोरीनं शाळा सोडली आणि नाटक कंपनीत गेली. अमेरिकेची सर्वांत लाडकी शिक्षिका शाळा अर्धवट सोडलेली! हे मी आमच्या एका माजी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांना अजिबात हसू आलं नाही. न्यूयॉर्कच्या 'झीगफेल्ड फॉलीज' या नाचगाण्यांच्या भव्य कार्यक्रमात जायची वेळ आली तेव्हा आडनाव बदलायला हवं होतं. समोर पडलेल्या सौंदर्यप्रसाधनांवरून, एका अत्तराच्या बाटलीवरून आणि एलिझाबेथ आर्डनच्या डबीवरून, आपण 'ईव्ह आर्डन' झालो असं ती सांगायची.

सिनेमात मात्र तिची जागा ठरून गेली : नायिकेची मैत्रीण. १९३७ च्या 'स्टेज डोअर'मध्ये नट्यांच्या वसतिगृहात कॅथरीन हेपबर्न, जिंजर रॉजर्स, ल्युसिल बॉल अशी सगळी फौज आहे. इतक्या जणींत लक्ष कुणाकडे जाणार? हिनं गळ्यात मांजर घातलं. खरं, जिवंत मांजर, लोकरी मफलर टाकावा तसं खांद्यांवरून लोंबणारं. ते तसंच ठेवून ती इकडून तिकडे फिरते, टोमणे मारते. पुढे काय घडतं हे मी तुम्हाला धड सांगू शकणार नाही, मांजर आठवतं. १९४५ च्या 'मिल्ड्रेड पीअर्स'मध्ये ती जोन क्रॉफर्डची मैत्रीण. मैत्रिणीची मुलगी किती कृतघ्न आहे हे बघून ती म्हणते की मगरींचंच बरोबर आहे, त्या आपली पिल्लं खातात. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पारितोषिक नाही मिळालं. क्रॉफर्डला नायिकेचं मिळालं.

कॅमेऱ्यासमोर ही उंच, धारदार चेहऱ्याची बाई कायम कडेला उभी असायची. मायक्रोफोनला कड नसते. तिथे ज्याचा आवाज लक्षात राहतो तो मध्यभागी. १९४८ च्या जुलैमध्ये सीबीएस या अमेरिकी रेडिओ-कंपनीवर मिस ब्रुक्स सुरू झाली आणि नऊ वर्षं चालली. रेडिओचा हा न्याय इतरांनाही लागू होता. लाजाळू बॉयन्टन सर झालेला जेफ चँडलर प्रत्यक्षात दणकट गडी, १९५० मध्ये पडद्यावर अपाची सरदार कोचीस होऊन ऑस्करच्या यादीत पोचला. आठवडाभर घोडे दौडवून हा माणूस रेडिओवर येऊन बेडकाबद्दल अडखळत बोलतोय, असं चित्र मी डोळ्यांसमोर आणते. आणि चिरक्या आवाजाचा वॉल्टर डेंटन म्हणजे रिचर्ड क्रेना. हाच पुढे रॅम्बोचा कर्नल झाला. विश्वास बसत नसेल तर दोन्ही लागोपाठ ऐका.

शिक्षकांनी तिला पत्रांवर पत्रं लिहिली. शाळांनी नोकऱ्या देऊ केल्या, खऱ्याखुऱ्या, इंग्रजी शिकवायच्या. शिक्षक-संघटनांनी सत्कार केले. हे मला तंतोतंत पटतं. त्यांना ती मास्तरणीची थट्टा करते असं वाटलं नाही, कारण करतच नव्हती. मिस ब्रुक्स हसते ती पगारावर, वरिष्ठांवर, स्वतःच्या नशिबावर. शिकवण्यावर कधी नाही. आपल्याकडे नाटका-सिनेमातले मास्तर एकतर पूजेला बसवलेले असतात, नाहीतर धोतराचा सोगा सुटलेले. महिनाअखेरीला पैसे मोजणारा माणूस म्हणून शिक्षक फार कमी दिसतो.

सगळंच आवडतं असं नाही. बॉयन्टनच्या मागे लागणं नऊ वर्षं ताणलंय, त्यातले 'लग्न होत नाही बिचारीचं' छापाचे विनोद मी सरळ पुढे ढकलते. १९५२ पासून मालिका टीव्हीवरही आली, ईव्हला टीव्हीचं एमी पारितोषिकही मिळालं, पण शेवटच्या टीव्ही हंगामात शाळाच बदलून टाकली आणि मजा गेली. १९५६ च्या सिनेमात एकदाचं लग्न लावलं. ठीक आहे. योगायोग बघा, ईव्हच्या स्वतःच्या एका मुलीचं नाव कॉनी आणि नवऱ्याचं नाव ब्रुक्स, ब्रुक्स वेस्ट. १९५९ च्या 'अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'मध्ये हे नवरा-बायको खटल्याच्या दोन बाजूंना आहेत. तो सरकारी वकील, ती जेम्स स्ट्युअर्टची सेक्रेटरी. आणि तिथेही, चेकबुक तपासून तीच सांगते की आपला पगार निघेल एवढे पैसे नाहीत. मी सिनेमा थांबवून हसले.

१९७८ मध्ये 'ग्रीस' हा सिनेमा आला. त्यात ती मुख्याध्यापिका आहे. मिस ब्रुक्सला बढती मिळाली, तीस वर्षांनी. मला आमच्या शाळेची सेवाज्येष्ठता यादी आठवली.

ती १९९० मध्ये गेली. हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचे दोन तारे आहेत, एक रेडिओसाठी, एक टीव्हीसाठी. मांजर गळ्यात घालून केलेल्या कामासाठी नाही.

आता कुठून सुरुवात करू असं विचाराल, तर मिसेस डेव्हिसकडच्या एखाद्या सकाळच्या नाश्त्यापासून करा. ती घरमालकीण काय शिजवेल याचा नेम नसतो. एक भाग अर्ध्या तासाचा. मध्ये साबणाची जाहिरात येते, पामोलिव्हची, आपल्याच न्हाणीघरातल्या. तेवढ्यात कुकरखालचा गॅस बंद करून घ्यायचा.