ताप नसलेला पेशंट

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात लॅब टेक्निशियन म्हणून माझी पहिली नेमणूक. मी साताऱ्याकडचा. मलेरियाचे जंतू तोवर प्रॅक्टिकलच्या परीक्षेतच पाहिलेले, तेही जुन्या काचपट्टीवर.

ऑगस्टमध्ये एका पहाटे रस्त्याच्या कामावरचा मजूर ट्रॅक्टरमधून आणला. पंचविशीचा, मराठवाड्यातून येऊन जेमतेम महिना झालेला. अंग नुसतं भाजत होतं, हाक मारली तर ओ नाही. झटपट तपासणीच्या किटवर पीएफची, म्हणजे फाल्सिपेरम या सगळ्यात घातक मलेरियाची रेघ उठली. डॉक्टरांनी आर्टेसुनेटचं पहिलं इंजेक्शन देऊन त्याला लगेच जिल्ह्याला पाठवलं.

दुपारी त्याच्या मुक्कामाजवळच्या गावात आम्ही सगळ्यांचंच रक्त घ्यायला गेलो, ताप असो वा नसो. एक म्हातारे बाबा खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानाकडे निघाले होते. आशाताईंनी माडियात काहीतरी बोलून थांबवलं. बोटाला टोचलं, थेंब काचेवर घेतला, पेन्सिलीने १४ नंबर टाकला. बाबा गेलेही.

रात्री स्लाइड रंगवून पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. १४ नंबरवर पीएफच्या रिंगा, मधूनमधून केळ्यासारखे वाकलेले गॅमेटोसाइट, डासात जाऊन रोग पसरवणारं जंतूचं रूप. म्हणजे नंबरांची अदलाबदल झाली. कुणीतरी तापाने फणफणलेला माणूस निगेटिव्ह म्हणून घरी पडलाय, आणि चूक माझी. झोप कसली लागते!

सकाळी एकटाच किट घेऊन पोचलो. बाबा अंगणात लाकडं फोडत होते. ताप ९८.४. किटवर पीएफ.

डॉक्टर हसले. "स्लाइड बरोबर आहे रे. त्यांच्या रक्तात पन्नास पावसाळ्यांच्या अँटिबॉडीज आहेत." पीएफचा जंतू लाल पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर आपली प्रथिनं आणून ठेवतो, आणि ती सारखी बदलत राहतो. एकेका रूपाची ओळख पटायला वर्षं जातात, म्हणून लहान मुलं पुन्हापुन्हा फणफणतात आणि म्हातारे कुऱ्हाड घेऊन रानात जातात. जंतू मरत नाहीत सगळे, आटोक्यात राहतात. त्या मजुराकडे यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी गांबियातला प्रयोगही सांगितला: १९६१ साली कोहेन आणि मॅकग्रेगर यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडीज असलेला भाग, मलेरिया झालेल्या मुलांना टोचलं, तर त्यांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. मला हे कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं. तिथे मलेरिया म्हणजे थंडी, ताप, घाम.

खरी पंचाईत गोळ्यांची. तीन दिवसांचा कोर्स, त्यात दुसऱ्या दिवशी गॅमेटोसाइटसाठी प्रायमाक्विन. बाबा म्हणाले, ताप त्या पोराला, गोळ्या मला? आशाताईंनी पडवीत खेळणाऱ्या नातीकडे बोट दाखवलं. तुम्हाला चावलेला डास दहा-बारा दिवसांनी हिला चावला तर? बाबांनी मुकाट्याने हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी रिकामं पाकीट बघायला गेलो, तर बाबांनीच आशाताईंमार्फत विचारलं: गोळ्यांनी अंगातला जंतू गेला, तर माझी सवय पण मोडेल का?

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "मोडते," म्हणाले. "एकदम नाही, पण जंतूशी गाठच पडली नाही तर वर्षा-दोन वर्षांत उतरत जाते." आणि त्या गावाला किती मच्छरदाण्या दिल्या होत्या, ते रजिस्टर काढायला सांगितलं.