द्राक्षांच्या सीझनमध्ये तुटणारे कॉल

नाशिकच्या दिंडोरी रोडवर एका द्राक्ष एक्स्पोर्टरचं पॅकहाउस आहे, त्याला लागूनच ऑफिस. आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे), क्लाउडवरचं पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, आणि 20 एमबीपीएसची फायबर लाईन. ऐन फेब्रुवारीत तक्रार आली की सकाळी फोन व्यवस्थित चालतात, दुपारी दीडनंतर आवाज तुटायला लागतो. डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, मला रॉटरडॅमवाल्यांचं सगळं नीट ऐकू येतं. तेच सारखे हॅलो हॅलो करतात."

इथेच अर्धं निदान झालं. आपल्याला ऐकू येतं आणि समोरच्याला येत नाही, म्हणजे अडचण अपलोडमध्ये. वेळेचंही कोडं नव्हतं. रॉटरडॅम नेदरलँड्समध्ये, आणि हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तिथे नऊला ऑफिस उघडतं तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. त्याच सुमारास पॅकहाउसमधून पॅलेटचे फोटो आणि कंटेनर भरतानाचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात.

मालकांनी विचारलं, "लाईन 50ची करून टाकू का?" मी नको म्हटलं, आणि हिशेब मांडून दाखवला. जी.711 कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचा डेटा बनवायच्या पद्धतीत, दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट निघतं. त्यात आवाजाचे 160 बाइट, वर हेडरचे, म्हणजे पत्त्याबित्त्याच्या माहितीचे, 40. सेकंदाला अशी 50 पॅकेटं, इथरनेटचं ओझं धरून एका कॉलला एका दिशेनं साधारण 87 केबीपीएस. एका वेळी दहा कॉल चालू असले तरी एक एमबीपीएस पुरतं. खरा घोळ रांगेचा असतो. व्हिडिओ चढायला लागला की सर्व्हिस प्रोव्हायडरच्या डब्यातला बफर, म्हणजे पॅकेटं थांबून राहतात ती जागा, भरतो. तो एक मेगाबाइटचा धरला, तर 20 एमबीपीएसवर रिकामा व्हायला 400 मिलिसेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.114 शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा. उशीर कमी-जास्त होत राहिला की पलीकडच्या फोनचा जिटर बफर (पॅकेटं थोडी थांबवून एकसारखी वाजवणारा) उशिरा आलेली पॅकेटं सरळ टाकून देतो, आणि आवाज तुटतो. लाईन 50ची केली तरी व्हिडिओ तीही भरून टाकणारच.

राउटर मायक्रोटिक कंपनीचा होता आणि गंमत म्हणजे त्यावर आवाजासाठी क्यू, म्हणजे वेगळी रांग, आधीच बनवलेली होती. चालू कॉलमध्ये तिचे काउंटर बघितले, तर शून्य. एकही पॅकेट तिथे पोहोचत नव्हतं. कारणं दोन निघाली.

पहिलं स्विचवर. फोनच्या पोर्टवर वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तेव्हा डीएससीपी, म्हणजे पॅकेटवरची प्राधान्याची खूण, 46 बरोबर दिसत होती. 46 म्हणजे ईएफ, आवाजासारख्या घाईच्या पॅकेटांची खूण. स्विचमधून बाहेर पडल्यावर तेच 0. क्यूओएस (प्राधान्य देण्याची व्यवस्था) चालू आणि पोर्टवर ट्रस्ट नाही, म्हणजे तिथून आलेली खूण मानायची सूचना नाही, अशा स्थितीत काही स्विच खूण पुसून टाकतात. फोनच्या पोर्टवर आणि राउटरकडे जाणाऱ्या अपलिंकवर डीएससीपी ट्रस्ट दिलं. कॉम्प्युटरच्या पोर्टवर मुद्दाम दिलं नाही.

दुसरं कारण राउटरच्या फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा, म्हणजे पॅकेटं जवळच्या वाटेनं पटकन पुढे काढायचा, नियम. फास्टट्रॅक झालेलं कनेक्शन मँगलला (पॅकेटांना मार्क लावणाऱ्या नियमांना) आणि सिंपल क्यूला वळसा घालून जातं, म्हणून मार्क लागतच नाही. नियम बंद केला. सीपीयूवर थोडा भार वाढतो, पण 20 एमबीपीएसला त्याचं काही वाटत नाही. आधीपासून चालू असलेली कनेक्शन तशीच फास्टट्रॅकवर राहतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कनेक्शन टेबलही साफ केलं.

मग खरं काम. रांग प्रोव्हायडरच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, नाहीतर कितीही मार्किंग करा, उपयोग नाही. वॅन इंटरफेसवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, पॅरेंट (वरच्या) क्यूला 18 एमबीपीएसची, लाईनपेक्षा थोडी कमी, कमाल मर्यादा दिली. ती दिली नाही तर खालच्या क्यूंच्या प्रायॉरिटीला अर्थच उरत नाही. त्याखाली आवाजाची क्यू : हमी 2 एमबीपीएस, कमाल 3, प्रायॉरिटी 1, म्हणजे सगळ्यात आधी. बाकी सगळ्याला प्रायॉरिटी 8. कमाल 3 ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण उद्या कोणी बॅकअपलाच 46 लावलं तरी सगळी लाईन तो खाऊन टाकणार नाही. सिपचं सिग्नलिंग, म्हणजे कॉल लावायचे-तोडायचे संदेश, मी वेगळ्या छोट्या क्यूत ठेवतो. ते अडकलं तर रिंग उशिरा वाजते, आवाज तुटत नाही.

तपासणी मोकळ्या लाईनवर करून काही कळत नाही. मुद्दाम मोठा व्हिडिओ चढवायला लावला आणि तेव्हाच रॉटरडॅमला कॉल लावला. आवाजाच्या क्यूचा काउंटर एका कॉलला सेकंदाला 50 पॅकेटं दाखवत होता, ड्रॉप शून्य. व्हिडिओ चढायला थोडा जास्त वेळ लागला, त्याची कोणाची तक्रार नव्हती.

एक गोष्ट मालकांना आधीच सांगून ठेवली. राउटरच्या पलीकडे इंटरनेटवर ही 46ची खूण कोणी पाळेलच असं नाही. आणि लॅपटॉपवरचे सॉफ्टफोन, म्हणजे कॉल करायची सॉफ्टवेअर, या व्यवस्थेत आपोआप येत नाहीत. विंडोजमध्ये त्यांच्यासाठी ग्रुप पॉलिसीतून क्यूओएसचा नियम लावावा लागतो आणि त्या पोर्टचा ट्रस्टही नव्याने ठरवावा लागतो.