तुम्ही विचारलंत म्हणून: मस्केटचं लॉक जुनं चांगलं की नवं?

"ओरिजिनल फ्लिंटलॉक मस्केटचं लॉक जास्त भरवशाचं की आताच्या रिप्रॉडक्शनचं?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते. (फ्लिंटलॉक मस्केट म्हणजे गारगोटी पोलादावर घासून पेटणारी जुनी लांब बंदूक, आणि लॉक म्हणजे तिचा बार उडवणारी यंत्रणा.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा "जुनं ते सोनं" एवढंच ऐकायचं असतं, पण माझं उत्तर वेगळं आहे. बंदूक कुठल्या सालची ते नंतर, आधी फ्रिझनला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून, बुडवून कडक कसं केलंय, ते बघा.

फ्रिझन म्हणजे रंजकाच्या (आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या) वाटीवरचं ते उभं पोलादी झाकण. चाप ओढला की घोडा पुढे पडतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी फ्रिझनच्या तोंडावरून खाली खरवडत येते, झाकण उघडतं, ठिणग्या वाटीतल्या रंजकावर पडतात आणि तो जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत नळीतल्या दारूपर्यंत जातो. आता ठिणगी गारगोटीची असते असं सगळ्यांना वाटतं पण ती असते पोलादाची, गारगोटी पोलादाचे बारीक कण सोलून काढते आणि ते कण इतके तापतात की हवेत पेटतात. म्हणून ते तोंड कडकच हवं. मऊ असलं तर गारगोटी त्यात चर पाडते आणि ठिणगी पडलीच तर मंद, लालसर, वाटीत पोचायच्या आधीच विझणारी. आणि पाणी देऊन झाल्यावर कडकपणा थोडा उतरवला नाही तर फ्रिझन काचेसारखा ठिसूळ होतो, तडकतो.

हे मी चुका करून शिकले. माझं पहिलं मस्केट शॉर्ट लँड पॅटर्नचं रिप्रॉडक्शन होतं, म्हणजे ब्राऊन बेस या ब्रिटिश सैन्याच्या मस्केटचा १७६८ नंतरचा आखूड नळीचा प्रकार. पहिले पंधरा-वीस बार मस्त झाले आणि मग ठिणग्या कमी कमी होत बंदच. मी गारगोट्या बदलल्या, गारगोटीभोवतीचं चामडं बदललं, घोड्यात गारगोटी उलटी बसवून पाहिली, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून घोडा पुढे ढकलणारी मेन स्प्रिंग जास्त जोराची बसवली आणि त्याने एवढंच झालं की गारगोट्या फटाफट फुटायला लागल्या. कितीतरी दिवस मी स्प्रिंगच्याच मागे होते. मग एकदा फ्रिझनच्या कोपऱ्यावर कानस फिरवली तर ती सरळ चावली, लोण्यात सुरी जावी तशी. वरचा एक पातळ थर कडक केलेला होता, तो खरवडून गेला आणि आतलं मऊ लोखंड उघडं पडलं! एका जाणत्या कारागिराकडून फ्रिझनला नवीन पोलादी पाती जोडून नीट पाणी देऊन घेतलं, जुनीच स्प्रिंग परत लावली आणि पहिल्याच फटक्याला पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा झोत वाटीत पडला. तो आनंद मला अजून आठवतो.

तोंडाला वेगळी पोलादी पाती ही काही नवी युक्ती नाही, जुन्या कारागिरांची रीतच ती. पण म्हणून जुनं लॉक पहिल्यापासून परिपूर्ण होतं असंही नाही, ते चुकत चुकत सुधारलंय. ब्राऊन बेसच्या १७३० च्या पॅटर्नमध्ये फ्रिझनच्या स्क्रूला एकाच बाजूने आधार होता, १७४२ च्या पॅटर्नमध्ये वाटीपासून एक छोटा पूल काढून दुसऱ्या टोकालाही आधार दिला. दिसायला किरकोळ बदल आहे, पण फ्रिझन डुगडुगला की गारगोटी दरवेळी वेगळ्या जागी लागते, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. घोड्याची हंसासारखी वाकडी मान नाजूक, तिथे मोडायचा धोका, म्हणून १८०९ पासून ब्राऊन बेसच्याच इंडिया पॅटर्नवर मधे भोक ठेवून दोन बाजूंनी धरलेला जाड घोडा आला. फ्रेंचांनी १७७७ च्या मॉडेलला वाटीच पितळेची केली, कारण जळलेल्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते.

एवढं सगळं होऊनही १८३४ साली इंग्लंडमध्ये वूलिचला सगळ्या हवामानात चाचण्या झाल्या तेव्हा फ्लिंटलॉकचे ६,००० पैकी ९२२ बार फुसके गेले, म्हणजे साडेसहात एक. कॅप लावून उडणाऱ्या पर्कशन लॉकचे तेवढ्याच बारांत फक्त ३६. म्हणून कुणी "ओरिजिनल कधी चुकतच नाही" म्हणालं की मी हा आकडा सांगते.

रिप्रॉडक्शनचं म्हणाल तर साचा बहुतेक वेळा ठीक असतो, गडबड असते ती पाण्यात आणि मापात. घोडा पडल्यावर गारगोटीचं टोक वाटीच्या मधोमध रोखलेलं हवं, ते कधी पुढे कधी मागे असतं. कान वाटीच्या तळाशी पाडलेला असला तर रंजकाने बुजतो, मग वातीसारखं जळत जातं आणि बार उशिरा होतो. फ्रिझनची स्प्रिंग फार ताठ असली तर गारगोटी बिचारी त्याच्याशी भांडण्यातच संपते. यातलं बरंचसं चांगल्या हातांनी दुरुस्त होतं, माझंच मस्केट आता एका गारगोटीवर वीसेक बार आरामात काढतं.

ओरिजिनल माझ्या हातात येतं तेव्हा मी ते उडवत नाही, रिकामा घोडासुद्धा पाडत नाही. दोनशे वर्षांची स्प्रिंग तुटली तर तशी परत मिळणार नाही, आणि फ्रिझन किती झिजलाय, कुणी कधी बदललाय का, वरून कळत नाही. अंगठ्याने घोडा धरून हळूच अर्ध्यावर आणते, टंबलरच्या (घोड्याबरोबर आत फिरणाऱ्या तुकड्याच्या) खाचेत सिअर (त्याला अडवणारा खटका) बसल्याचा खट्ट आवाज ऐकते आणि तसाच हाताने धरून खाली उतरवते. उडवायला माझं रिप्रॉडक्शन आहे.