लोकप्रिय चित्रपटांत राजकारण असावे का?

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गानंतर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: दिवसभर राबलेली माणसे दोन घटका विरंगुळा मिळावा म्हणून तिकीट काढून येतात, त्यांना तिथेही राजकीय संदेश का ऐकवायचे? माझे उत्तर असे की राजकारण लोकप्रिय चित्रपटात अवश्य असावे, मात्र चित्रपट ज्याच्याविरुद्ध उभा आहे त्यालाही आपली बाजू पूर्ण ताकदीने मांडता आली पाहिजे. ही अट सैल करायला मी तयार नाही.

पूर्वी कधीतरी निव्वळ करमणुकीचा काळ होता, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. मराठीपुरते पाहिले तरी तसा काळ सापडत नाही. ‘प्रभात’ने १९३५ साली संत एकनाथांवर चित्रपट काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. चित्रपटाचे नाव ‘महात्मा’ ठेवले होते. अस्पृश्यांना जवळ करणारे नाथ आणि अस्पृश्यतेविरुद्ध नुकतेच देशभर फिरलेले गांधीजी यांची सांगड प्रेक्षक घालतील, हे सेन्सॉरच्या ध्यानात आले, त्याने हरकत घेतली आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने झळकला. संतपटाला येणाऱ्या भाविक प्रेक्षकालाही राजकारण कळते, हे परक्या सरकारने ओळखले होते. मग आज आपणच त्या प्रेक्षकाला भोळा का समजतो?

माझी अट ज्या चित्रपटामुळे पक्की झाली तो ‘सामना’. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात पोहोचला, पण त्याचा खरा प्रेक्षक इथला होता, ज्याने सहकारी साखर कारखान्यांभोवती सत्ता कशी गोळा होते ते आपल्याच तालुक्यात पाहिले होते. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट निळू फुले यांनी असा उभा केला आहे की त्याचा राग येण्याआधी आपल्याला त्याचे कर्तृत्व दिसते. माणसाने खरोखर काहीतरी उभारले आहे, गाव त्याच्यावर अवलंबून आहे, आणि आपल्याखेरीज या गावाचे भले कोण करणार होते हा त्याचा आत्मविश्वास सहज खोडून काढता येत नाही. त्याच्यासमोर येतो तो श्रीराम लागूंचा मास्तर, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, आता दारूच्या आहारी गेलेला आणि कफल्लक. त्याला आसरा देणाराही हिंदुरावच. म्हणजे लेखकाने सद्गुण एका पारड्यात आणि दुर्गुण दुसऱ्यात असे टाकलेले नाहीत. मास्तराजवळ फक्त एक प्रश्न आहे, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, आणि तो प्रश्न इतका साधा आहे की कारखाना, वाडा, विकासाचे आकडे यांपैकी कशानेही त्याचे उत्तर देता येत नाही. हिंदुराव कच्चा रंगवला असता, तर या प्रश्नाला वजनच आले नसते. समोरच्याला मोठे केल्यामुळे आपला मुद्दा मोठा होतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला मराठीत तरी आठवत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त हेच काम संवादांशिवाय होते. डुकरे पकडणारे, जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब ऐन धावपळीत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, ते जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि हाती येऊ पाहणारे डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावरच्या काठीला बांधून ते नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे असतात. या दृश्यांत जातीविषयी एकही वाक्य कोणी उच्चारत नाही. ज्यांना चित्रपटातला ‘संदेश’ खटकतो, त्यांचे दुखणे पुष्कळदा भाषणबाजीबद्दल असते, आणि तिथे मी त्यांच्याच बाजूचा आहे; पण ती लेखनातली उणीव झाली, विषयाचा दोष नव्हे.

तुमच्या मनातली खरी चिंता मला कळते. एखाद्या समाजाला पहिल्या दृश्यापासून क्रूर दाखवायचे, त्यातल्या एकाही माणसाला घर, आई, शंका, पश्चात्ताप यांतले काही द्यायचे नाही, आणि मग पार्श्वसंगीताच्या जोरावर प्रेक्षकाकडून संताप वसूल करायचा, असे चित्रपट निघतात. सत्तेतल्या पक्षाला सोयीचा चित्रपट असेल तर त्याला करसवलतही मिळू शकते, आणि ही सवलत मला सेन्सॉरच्या कात्रीइतकीच काळजीची वाटते, कारण तीत सरकार प्रेक्षकाला काय पाहावे ते सुचवत असते. तरीही अशा चित्रपटांवर बंदी मला नको आहे. ‘धर्मात्मा’च्या मूळ नावावर हरकत घेणारा अधिकार कोणाच्याही हाती पुन्हा पूर्ण विश्वासाने द्यावा, असे मला वाटत नाही.

म्हणून मी असे चित्रपट तिकीट काढून पाहतो, विद्यार्थ्यांनाही पाहायला सांगतो, आणि नंतर वर्गात एवढेच विचारतो: यातल्या खलनायकाच्या तोंडी असे एक तरी वाक्य आहे का, ज्याला उत्तर देताना नायकाला क्षणभर थांबावे लागले?