चार डोकी

कोह ताओला येऊन मला सात आठवडे झाले. थायलंडच्या आखातातलं हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट, पण स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायला जगभरातून माणसं येतात. सकाळी धक्क्यावर जिकडे बघाल तिकडे सिलिंडर. मी इथे डाइव्हमास्टरचं, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या हाताखालच्या मदतनीसाचं, प्रशिक्षण घेतेय. आतापर्यंत माझं काम म्हणजे सिलिंडर वाहायचे, शिशाची वजनं मोजून द्यायची आणि भाड्याचे वेटसूट धुवायचे. (लोक त्यात काय काय करतात ते विचारू नका.) गेल्या मंगळवारी पहिल्यांदा विद्यार्थ्यांबरोबर पाण्यात उतरले.

शिकवणार इन्स्ट्रक्टर, मी नुसती मदतनीस. समुद्रात एका इन्स्ट्रक्टरला आठ विद्यार्थी नेता येतात. आमच्याकडे चारच होते. माझ्यासारख्या शिकाऊला त्या हिशेबात धरतच नाहीत, त्यामुळे माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. तरी रात्री झोप नाही.

मी पोहायला शिकले ते गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. काका काठावरून ओरडायचे, "दम धर, दम धर!" इथे पहिलाच धडा उलटा: श्वास कधीही रोखायचा नाही. पाच मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास धरून वर आलात, तर तीच हवा दीडपट व्हायला बघते. फुप्फुस काही फुगा नव्हे. त्यामुळे पाण्यातून घाबरून वर सुटलेला माणूस ही सगळ्यात मोठी भीती.

नांग युआन बेटाशेजारच्या जॅपनीज गार्डन्समध्ये उतरलो. पाच मीटरवर वाळूचा मोकळा पट्टा आहे, तिथे चौघं गुडघ्यांवर ओळीने बसली. मास्कमध्ये पाणी घ्यायचं, चौकट वरून दाबायची, मान किंचित वर करून नाकाने फुंकायचं की पाणी खालून निघून जातं. पोहण्याच्या तलावात चौघांनाही जमलं होतं. समुद्रात तिसऱ्या नंबरच्या बाईंनी पाणी आत घेतलं आणि फुंकायच्या ऐवजी नाकाने ओढलं. काचेमागे डोळे एवढे मोठे झाले. हात मास्ककडे गेला, पाय वाळूवरून सुटले. पण इन्स्ट्रक्टरने त्यांच्या जॅकेटचा पट्टा आधीच धरून ठेवला होता. दुसऱ्या हाताने ती त्यांच्या डोळ्यांसमोर हळू हळू खूण करत राहिली: श्वास सोडा, श्वास घ्या. अर्धा मिनिट गेलं असेल. मग बुडबुड्यांचा एक मोठा लोट, आणि मास्क कोरडा. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेवढ्यात इन्स्ट्रक्टरने माझ्याकडे बघून बोट वर केलं. चौथा मुलगा, टोकाचा, छान मांडी घातल्यासारखा तरंगत माझ्या डोक्याच्याही वर पोचला होता. त्याला पत्ताच नाही. पायातला फिन (पोहायचा पंखा) धरून खाली आणला, तर खूश होऊन मला अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "वर जाऊया" असा होतो हे तो विसरला होता.

बोटीवर इन्स्ट्रक्टर रागावली नाही. अननसाची फोड पुढे करत म्हणाली, "मी बाईंकडे बघत होते. तूही बाईंकडेच बघत होतीस. मग बाकीच्या तिघांकडे कोण बघत होतं?"

काय बोलणार? अननस खाल्ला.

दुसऱ्या डाइव्हला मी मागे, जरा वरच्या बाजूला राहिले. चार डोकी, चार बुडबुड्यांचे खांब. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. कुणाचा गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारा काटा, ७० बारवर आला, ते आधी माझ्या लक्षात आलं. इन्स्ट्रक्टरला हाताने दाखवलं, तिने मान हलवली. मध्येच तिने उजवीकडे काहीतरी दाखवलं. चौघंही तिकडे वळली. मी चौघांकडेच बघत राहिले.

संध्याकाळी आईचा फोन. विहिरीत सोडायच्या वेळी माझ्यापेक्षा जास्त रडलेली ती.

"मुलं नीट वर आली ना सगळी?"

"आली. त्यातल्या एक बावन्न वर्षांच्या आहेत."

"बरं. आणि दिसलं काय काय?"

"कासव होतं म्हणे," मी म्हटलं.