गुरुजींचा ई-रीडर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सांगलीकडे एका डोळ्यांच्या दवाखान्यात लो व्हिजनचे पेशंट बघते, म्हणजे ज्यांना चष्म्याचा नंबर बदलून आता फरक पडत नाही असे. मागच्या दिवाळीनंतर एक रिटायर्ड गुरुजी आले, वय 78, सोबत मुलगा. दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालेला, एका डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झालेली. मुलगा आल्या आल्याच म्हणाला, मॅडम, एवढा ई-रीडर, पुस्तकं वाचायचं मशीन, आणून दिला, स्क्रीन डोळ्यांना त्रास देत नाही म्हणतात, पण बाबा हातच लावत नाहीत त्याला.

गुरुजी काहीच बोलले नाहीत. नुसते चष्मा पुसत बसले.

मी म्हटलं, गुरुजी, त्यावर काय वाचत होता ते दाखवा. तर दिवाळी अंक, पीडीएफ. आणि तिथंच सगळं कळलं. पट्टी घेऊन मोजलं, 6 इंची रीडरच्या स्क्रीनची रुंदी 9 सेंटिमीटर, आणि आमच्या वेटिंगमधल्या अंकाचं पान 18. म्हणजे छापील अंक वाचता येत नाही म्हणून मुलानं मशीन आणलं आणि मशीनवर अक्षर छापील अंकापेक्षा निम्मं झालं! पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो असल्यासारखी, अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते, मग पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, आणि ज्याला मधलं दिसत नाही त्याला पुढची ओळ परत सापडतच नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "मला वाटलं मलाच जमत नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटलं हो, दोन महिने हा माणूस स्वतःला दोष देत बसला होता.

मग मी मराठी ई-बुक उघडलं, ज्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं लागतात. फॉन्ट मोठा, ठळक, लाईट पूर्ण. पिवळा वॉर्म लाईट मुलानं मुद्दाम लावलेला, तो बंद केला कारण त्यानं पान पिवळट होतं आणि गुरुजींना काळं-पांढरं जितकं टोकाचं तितकं बरं. आता वाचता आलं, पण एका ओळीत दोन-तीनच शब्द मावायचे. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं, असं ते म्हणाले.

म्हणून आमचा 10 इंची टॅब काढला. काळ्या पानावर पांढरी अक्षरं. मी सांगितलं, गुरुजी, शब्दाकडे सरळ बघू नका, जरा वरच्या बाजूला बघा. मधला भाग गेलाय तरी कडेचा शाबूत असतो, त्यानं वाचायची सवय करावी लागते, वेळ लागतो. आधी ते अडखळले, "जोडाक्षराचा वरचा भाग पुसल्यासारखा होतो" म्हणाले, मग नजर अजून जराशी वर नेली आणि एक ओळ सलग वाचली. मोठ्यानं, वर्गात वाचतात तशी. मग दुसरी. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला, सिस्टर दोनदा डोकावून गेल्या, तर गुरुजी म्हणाले, "एवढं पान होऊ द्या."

मला कुणी विचारलं की म्हाताऱ्या माणसासाठी ई-रीडर घेऊ की टॅब, तर मी आधी विचारते डोळ्याला नक्की काय झालंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर चांगली असेल तर ई-रीडर उत्तम, दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, पडल्या पडल्या वाचता येतं. मॅक्युला गेला असेल तर मोठी स्क्रीन आणि कॉन्ट्रास्ट बघा, आणि ज्यांना वाचायचंय त्यांना सोबत न्या, त्यांच्या हातात द्या, त्यांच्या आवडीचं पुस्तक उघडून. डोळे थकले की अँड्रॉइडवर मराठी वाचून दाखवणारा आवाजही आहे, तोही लावून दिला.

ई-रीडर आता गुरुजींच्या मिसेस वापरतात, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आणि गुरुजींसाठी घेतलेला टॅब जड पडतो, अर्धा किलोचा, म्हणून मुलानं तो घरातल्या पोथीच्या ठवणीवर ठेवला. पहिल्या दिवशी घसरला म्हणे, मग खाली ओल्या फडक्याची घडी घातली, आता हलत नाही.