पेला रंगवायचा दिवस

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्दँ याच्या ‘पाण्याचा पेला आणि कॉफीपात्र’ची नक्कल सुरू झाली की वर्गात धास्ती असते ती पेल्याची. साधारण 1761 सालचं हे चित्र पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. काचेचा पेला, तपकिरी कॉफीपात्र, पुढ्यात लसणाचे गड्डे, बस्स. तैलरंगात नवीन असलेल्यांना मी हेच देतो, कारण यात चुका झाकायला जागा नाही. पात्र खाली रुंद, पेला वर रुंद. या तिरक्या कडांचा कोन चुकला की पुढे कितीही सुरेख रंगवा, वस्तू कलंडतातच. म्हणून चौकटी आखून रेखाटन करायचं आणि आरशात उलटं पाहून तपासायचं. मूळ चित्र सुमारे 32 बाय 41 सेंटिमीटरचं. आम्ही 39 बाय 49 घेतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांना मापात एक पंचमांशाचा फरक ठेवावा लागतो, तोच नियम इथेही बरा.

काल पेल्याची पाळी आली. पार्श्वभूमीचा पहिला थर रॉ अंबर या तपकिरी रंगात थोडं टर्पेंटाइन घालून दिलेला होता आणि सगळ्यांचा खडखडीत वाळला होता. एका मुलीचा मात्र बोटाला चिकटत होता. तिने अंबरऐवजी आयव्हरी ब्लॅक वापरला होता आणि तो पसरेना म्हणून वर जवसाचं तेल घातलं होतं. अंबरमधलं मँगनीज तेल लवकर वाळवतं. आयव्हरी ब्लॅक मुळातच रेंगाळतो. तिने पेल्याच्या काठाची पहिली उजळ रेघ ओढली आणि ब्रशबरोबर खालचा काळा वर आला. दुसऱ्या फटक्यात तिथे राखाडी चिखल.

अशा वेळी हात आपसूक कापडाकडे जातो, पण कापडाने घाण फक्त पसरते. पॅलेट नाइफ आडवी धरून पेल्याची सगळी जागा खरवडून काढली, मग टर्पेंटाइनचा ओझरता हात मारलेल्या कापडाने टिपून घेतली. तसंच दामटून नेलं असतं तर चित्र त्या दिवशी पूर्ण झालंही असतं. पण ओल्या, तेलकट थरावरचा कमी तेलाचा थर आधी कडक होतो, खालचा नंतरही हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. खाली कमी तेल, वर जास्त, हा क्रम त्यासाठीच.

बाकीच्यांचा पेला झाला. काचेचा असा वेगळा रंग मिसळायचाच नसतो. पार्श्वभूमीचंच मिश्रण, म्हणजे अंबर, यलो ऑकर आणि पांढरा, घ्यायचं आणि पेल्याच्या आत ते जेमतेम एका टोनने गडद किंवा उजळ करायचं. फरक किती ते डोळे किलकिले करून ठरवायचं. बहुतेक जण दुप्पट करतात आणि पेला प्लॅस्टिकचा दिसतो. काठाचं लंबवर्तुळ चपटं, पाण्याच्या पातळीचं त्याहून गोल, तळाचं आणखी गोल, कारण ते नजरेच्या रेषेपासून खाली खाली जात असतात. दोन्ही टोकांना ते वळलंच पाहिजे. टोकदार झालं की पानासारखं दिसतं. कडा पूर्ण ओढायच्या नाहीत. एक-दोन जागी धारदार, बाकी कोरड्या मऊ ब्रशने पार्श्वभूमीत विरवून टाकायच्या.

हायलाइट, म्हणजे काचेवर चमकणारे उजळ ठिपके, सगळ्यांत शेवटी. टायटॅनियम व्हाइटमध्ये कणभर ऑकर, वेगळं तेल अजिबात नाही, ब्रशच्या टोकावर गोळा घेऊन एकदाच टेकवायचा. परत हात लावला की तो मळतो. आणि मोजके ठेवायचे. काहींनी पेल्यावर इतके ठिपके दिले की निम्मे काढायला लावले.

खरवडलेल्या कॅनव्हासवर पातळ अंबर देऊन झालाय. तो भिंतीकडे तोंड करून नाही, उजेडात ठेवलाय. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पेला सुरू करायचा तो कोपऱ्यात बोट दाबून ते कोरडं निघाल्यावर.